भूमकर चौकातली वाघीण

मुलाने चालवलेल्या मोटारीत बापाने मागे बसावे आणि गप्प बसावे, असा आमच्या घरचा दंडक आहे. त्यातला पहिला भाग मी निमूटपणे पाळतो. दुसऱ्याबद्दल आमच्या सौभाग्यवतींना विचारा. वाकड ते ताडोबा, तिथून नवेगाव, मग पेंच आणि परत वाकड अशी आठ दिवसांची मोटारसफर आम्ही २०२४ च्या दिवाळीनंतर केली. तिच्यात मी किती वेळ गप्प होतो याचा हिशेब त्यांनी ठेवला आहे. त्या म्हणतात, एकूण पाऊण तास. तो पाऊण तास कोणता, तेच आज सांगायचे आहे.

पण आधी या सफरीचे खापर कुणाच्या माथी फोडायचे ते ठरवू. आमची नात ओवी, वय वर्षे सव्वापाच, हिला शाळेत बाईंनी राष्ट्रीय प्राण्याचे चित्र काढायला सांगितले. तिने वाघ काढला. पट्टे काढले, मिशा काढल्या, आणि मग काळा खडू घेऊन त्याच्या अंगावरून उभ्याआडव्या रेघा मारल्या. मी म्हटले, ‘‘अगं, एवढा चांगला वाघ, खोडलास का?’’ तिने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. ‘‘खोडला नाही आजोबा, ती जाळी आहे. जाळी नाही काढली तर तो वाघ आहे हे कसं कळणार?’’

वाघ तिने पाहिला होता तो कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात. तेव्हा तिचे म्हणणे चूक नव्हते. पण मला ते लागले. मी ऐटीत बोलून गेलो, ‘‘तुला मी मोकळा वाघ दाखवीन.’’ म्हातारी माणसे अशी वचने देतात आणि पेट्रोल मुलांना भरावे लागते.

वाकड ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी चार शब्द. मी १९७४ साली चिंचवडच्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा आम्ही चार दोस्त रविवारी सायकली हाणत वाकडला म्हातोबाच्या देवळापर्यंत येत असू. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेते, बांधावर बाभळी, आणि मुळा नदीच्या पाण्यात उतरावेसे वाटण्याचे ते दिवस. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचे बगाड येते. ते तेव्हाही येई, आजही येते. बाकीचे सारे पालटले. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, शेजारी हिंजवडीला संगणकाच्या कचेऱ्या झाल्या, आणि जी शेते जन्मभर आडवी पसरली होती ती मजल्यावर मजले चढवून उभी राहिली. आमचे बिऱ्हाड नवव्या मजल्यावर आहे. तिथे ओवीच्या वाट्याला आलेली सृष्टी म्हणजे गॅलरीतली तुळस, दोन कबुतरे आणि खालची वाहतूक.

वाहतुकीत मात्र ती तज्ज्ञ आहे. तिचा भूगोल चौकाचौकांनी शिकलेला. डांगे चौक म्हणजे आजीच्या डॉक्टरांचा, आणि भूमकर चौक म्हणजे जिथे बाबा रोज अडकतो तो. आमच्या घरात हे आता विशेषनाम राहिलेले नाही. स्वयंपाकघरात आजी, आई आणि ही अशा तिघीजणी एकदम शिरल्या की ओवी जाहीर करते, ‘‘भूमकर चौक झाला!’’ मोरी तुंबली तरी भूमकर चौक, आणि माझे पोट बिघडले तरी तोच.

तर भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही निघालो. चिरंजीव चक्राशी, शेजारी सूनबाई, मागे आम्ही दोघे आणि मध्ये ओवी. पाय ठेवायच्या जागेत चिवडा, चकल्या आणि अनारसे यांचे डबे. वाटेत उपाहारगृहे नाहीत अशी सौ.ना कुणीतरी धास्ती घातली होती. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर मागे पडले आणि आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईपर्यंत पुरा झाला तो २०२५ च्या जूनमध्ये. आम्ही गेलो तेव्हा मुंबईकडचे टोक व्हायचे होते. रस्ता असा सरळ की त्यावर आखणी करणाऱ्याचा हात एकदाही हललेला दिसत नाही. पूर्वी घाटात वळणे आली की मुलांना गाडी लागे. इथे वळणच नसल्यामुळे मुलांना कंटाळा लागतो. ‘‘आलं का?’’ हा प्रश्न दर सात मिनिटांनी येत होता, आणि पहिल्या तासानंतर तो मीही विचारू लागलो.

सिंदखेड राजाला उतरलो. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान. मी गळा साफ करून १५९८ सालापासून सुरुवात केली. ओवीचे लक्ष भिंतीतल्या एका सरड्याकडे. सरडा मान खाली-वर करी, हीही करी. असे चाळीस मिनिटे चालले. शेवटी मी म्हटले, ‘‘चला आता, तिकडे वाघ खोळंबलाय.’’ त्यावर सौ. म्हणाल्या, ‘‘वाघाकडे घड्याळ नसतं.’’ चकली खात त्या सरड्यासमोर बसकण मारून बसल्या होत्या.

रात्री वर्ध्याला मुक्काम केला आणि सकाळी सेवाग्रामला गेलो. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा तो सगळा सापा-विंचवांचा मुलूख होता. आश्रमात साप धरण्याचा लांब लाकडी चिमटा आणि त्याला ठेवायची पेटी अजून जपून ठेवली आहे. साप मारायचा नाही, धरून दूर रानात नेऊन सोडायचा. साऱ्या आश्रमात ओवीला हीच गोष्ट पटली. ‘‘आणि तो परत आला तर?’’ ‘‘परत धरायचा.’’ ‘‘आणि परत आला तर?’’ ‘‘परत.’’ ती जरा विचारात पडली. ‘‘म्हणजे त्याचं घर इथंच असणार,’’ असे म्हणून ती चपला शोधायला गेली.

पुढे चंद्रपूरकडे वळताना एक चौरस्ता लागतो. तिथल्या गावाचे नाव जाम. सूनबाईंनी पाटी वाचली, ‘‘जाम!’’ मागून ताबडतोब तज्ज्ञांचा आवाज आला, ‘‘कुठाय जाम? गाडी तर चालतेय.’’

मंगळवारी ताडोबा बंद असते. त्याच संध्याकाळी आम्ही मोहर्लीला पोचलो. इरई धरणाचे पाणी अंधारात चमकत होते. ज्या घरी उतरलो तिथे स्वयंपाकाला एक मावशी होत्या. वांग्याचे भरीत असे की मी तिसऱ्यांदा मागून घेतले. जेवता जेवता मी त्यांना विचारले, ‘‘उद्या दिसेल ना हो वाघ?’’ मावशी हसल्या. म्हणाल्या, ‘‘आमी त रोज देवाले म्हनतो का वाघ दिसू नोको. अन् तुमी पैसे भरून पाहाले येता!’’ मग त्यांनी पोळी वाढता वाढता, जशी आपण पावसाची गोष्ट सांगतो तशी, सांगितले की मोहफुले वेचायला गेलेली त्यांच्या गल्लीतली एक बाई परत आली नाही. आणि हेही, की त्यांचे माहेर जंगलाच्या आत होते, ते गाव आता तिथे नाही.

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. तेव्हाचा त्याचा विस्तार ११६ चौरस किलोमीटर. पुढे अंधारीचे अभयारण्य जोडून व्याघ्रप्रकल्प झाला आणि गाभ्याचे क्षेत्रच सव्वासहाशे चौरस किलोमीटरवर गेले. त्या गाभ्यात माणसेही राहत होती. बोटेझरी, जामणी, नवेगाव ही गावे एकेक करून उठली आणि बाहेर नव्या जागी वसली. घर, विहीर, देव, चिंचेचे झाड, सगळे वाघाला मोकळे करून दिले. नकाशात हे एका ओळीत येते. मावशींनी मात्र ते सांगताना पोळी तव्यावर थोडी करपवली.

सकाळी सहाला फाटक उघडते. त्याआधी गाभ्यात नेता येत नाहीत म्हणून मोबाईल जमा करावे लागतात. चिरंजीवांनी आपला मोबाईल दिला आणि पुढचे चार तास त्यांचा उजवा हात पानाचा डबा हरवलेल्या माणसासारखा खिशावर जात राहिला. उघडी जिप्सी, कडक थंडी, वाटाड्या पुढे उभा. ऐनाची झाडे सुसरीच्या पाठीसारखी साल घेऊन दोहोंकडे उभी, मध्ये बांबूची बेटे. वाटाड्याने कांडोळाचे पांढरेफटक झाड दाखवून ‘भुताचं झाड’ म्हटले, आणि सूनबाई ओवीला जवळ घेण्याऐवजी स्वतःच ओवीला चिकटल्या.

पावसाळ्यानंतरचे ते दिवस. वाटेवर या झाडापासून त्या झाडापर्यंत कोळ्यांची जाळी लागली होती, ऊन पडले की सोनेरी दिसणारी. मध्ये तळहाताएवढी कोळीण. वाटाड्या म्हणाला, ‘‘ही मादी. नर तो बघा, कोपऱ्यात, तांदळाएवढा. तो गपचूप बसतो, नाहीतर ही त्याला खाते.’’ सौ.नी माझ्याकडे पाहून स्मित केले. ओवीला तिथून हलायचेच नव्हते. त्यानंतर तिला शेणाची गोळी ढकलणारा भुंगेरा दिसला, तो मागच्या पायांनी, उलटा चालत ढकलतो हे दिसले. मग वारूळ. मग रस्त्याच्या कडेचे जुने दगडी खांब. गोंड राजांच्या काळी या खांबांवरून दोर नेऊन घंटा बांधलेल्या होत्या आणि राजाची स्वारी आली की घंटा वाजत, असे सांगतात. तळ्याकाठी मगर ऊन खात होती आणि तिच्याजवळ झाडाखाली देवाचे ठाणे होते. तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तोच हा देव, त्याच्यावरून ताडोबा. पौषात गोंड मंडळी दर्शनाला येतात. ओवीने हात जोडले आणि वाटाड्याला माहिती दिली, ‘‘आमच्याकडे म्हातोबा आहे. हा त्याचा भाऊ असेल.’’ वाटाड्याने हे नाते लगेच मान्य केले.

अशा दोन फेऱ्या झाल्या. ओवीच्या मते दोन्ही झकास झाल्या. माझ्या मते दोन्ही फुकट गेल्या, कारण वाघ दिसला नव्हता. नवेगावला तो जुना अवाढव्य तलाव पाहिला. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. पाखरांची आणि झाडांची नावे मराठीत कशी घ्यायची हे त्यांनी आपल्याला शिकवले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा ती बातमी वाचताना मला धुक्यातला तोच तलाव आठवला. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी काठावर उभा असताना माझ्या डोक्यात पाखरे नव्हती, वचन होते. सुट्टीचे दिवस संपत आले होते. ‘मोकळा वाघ’ म्हणून मी शब्द दिला होता, आणि मुलीला कोळी दाखवून परत नेणार होतो!

आता ती गोष्ट. कोणते जंगल, कोणते फाटक, ते सांगत नाही. दोष फाटकाचा नव्हता. आत शिरताना मी वाटाड्याला बाजूला घेतले, नात पहिल्यांदाच आली आहे म्हटले, आणि हात मिळवताना एका नोटेची घडी त्याच्या हातात गेली. किती रुपयांची ते सौ.ना अजून कळलेले नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. ‘‘जरा पुढची जागा मिळेल असं बघा,’’ मी म्हटले. पोरगा पंचविशीचा होता. त्याने नोट खिशात घातली आणि डोळे खाली केले. ते खाली गेलेले डोळे मी पाहिले होते. पाहिले नाहीत असे आज म्हणता येणार नाही.

तासाभराने वानराने खोकल्यासारखा आवाज दिला, मग चितळ ओरडले. वाटाड्याने बोट दाखवले, चालकाने गाडी पिटाळली. वळणावरून पाहतो तो डाव्या हाताला, गवताच्या कडेला, वाघीण. तिच्यामागे एक बच्चा. आमची गाडी पहिली पोचली. मागून दुसरी, तिसरी. समोरून दोन. पाच मिनिटांत तिथे किती जिप्सी झाल्या ते मला मोजता आले नाही. सगळे उभे राहिलेले, सगळे डावीकडे वळलेले. कॅमेऱ्यांचा आवाज असा की पत्र्यावर गारा पडाव्यात. मीही उभा होतो. खोटे कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. चित्रात कधी येत नाही असा तो रंग. जाळी नाही, काही नाही. वाघीण दोन पावले पुढे आली, थांबली, मागे फिरली, पुन्हा पुढे आली. मला वाटले, आपल्याला दर्शन देते आहे.

या सगळ्यात जिच्यासाठी वचन दिले होते ती कुठे होती? सव्वापाच वर्षांच्या माणसाला उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसांच्या गर्दीत पाठी दिसतात, फक्त पाठी. ओवी आमच्या पायांमधून सरकत गाडीच्या उजव्या कडेला गेली होती आणि आडव्या दांडीखालून उलट्या दिशेला पाहत होती. तिने माझा सदरा ओढला.

‘‘आजोबा, हिचं दुसरं बाळ इकडे आहे.’’

मी वळलो. उजवीकडे, रस्त्यापासून थोड्या अंतरावर, गवतात दोन कान. पिल्लू बसले होते आणि बारीक आवाजात आईला बोलावत होते. तो आवाज इतका वेळ सगळ्यांच्या कानांवर पडत होता, आणि कुणी तो ऐकला नव्हता. आई डावीकडे, पिल्लू उजवीकडे, आणि मध्ये आम्ही. ती दर्शन देत नव्हती. वाट शोधत होती.

ओवी स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘‘भूमकर चौक झाला.’’

शेजारच्या गाडीतली मंडळी तिच्याकडे पाहून हसली. मला हसू आले नाही. मी चालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, ‘‘गाडी हलवा.’’ तो म्हणाला, ‘‘कुठं हलवू काका? मागं सहा उभ्या आहेत.’’ वाटाड्या मागच्यांना हाताने खुणा करू लागला. कुणी जागचे हलेना, कारण ज्याला मागे जावे लागते त्याचा वाघ जातो. आणि मी कोणत्या तोंडाने दुसऱ्यांना सांगणार होतो? सगळ्यांत चांगली जागा आमची होती. म्हणजे नेमकी वाटेत आमचीच गाडी होती. तीच जागा मी पैसे देऊन घेतली होती.

शेवटी समोरच्या एका चालकाने आपली गाडी मागे घेतली, आमचा चालक दहा हात पुढे सरकला, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडली. वाघीण खाली मान घालून त्या फटीतून गेली. बच्चा तिच्या शेपटीमागे. एका झेपेत पलीकडे, आणि गवत हलायचे थांबले. सगळा प्रकार किती वेळ चालला? चिरंजीव म्हणतात बारा मिनिटे, सूनबाई म्हणतात अर्धा तास.

मी खाली पाहिले. ओवी गाडीच्या तळाशी, सीटमधल्या खाचेत, गुडघ्यांत डोके घालून बसली होती. मला वाटले घाबरली. उचलून घेतली आणि विचारले, ‘‘गेली बघ ती. पाहिलीस का?’’ ती म्हणाली, ‘‘नाही. मी लपले होते. म्हणजे तिला जागा होईल.’’

फाटकापासून मुक्कामापर्यंत पाऊण तासाचा रस्ता आहे.

रात्री मी सौ.ना नोटेची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. पन्नाशीकडे आलेल्या संसारात त्यांच्या न बोलण्याचे सात-आठ प्रकार मला ओळखू येतात. हा त्यांतला कोणता ते मात्र कळले नाही. नियम काय आहे तेही मी मग वाचले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ सालीच घालून दिले आहे की जनावरापासून निदान २० मीटर दूर राहावे आणि त्याला गाड्यांनी घेरू नये. म्हणजे जे मला सव्वापाच वर्षांच्या मुलीने सांगितले ते छापून बारा वर्षे झाली होती. आणि आम्ही परतल्यावर दोन महिने झाले नाहीत तोच वर्तमानपत्रात छायाचित्र आले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बच्चे जिप्सींच्या दोन रांगांमध्ये अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची आपण होऊन दखल घेतली. चालक आणि वाटाडे यांच्यावर कारवाई झाली. ते वाचून मला आमचा तो पंचविशीचा पोरगा आठवला. त्याच्यावर अशी वेळ आली असती तर त्याची रोजी बुडाली असती. नोटेची घडी करणारा हात मात्र वाकडला गॅलरीत बसून वर्तमानपत्र धरून होता. गाडीत उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांना कोण निलंबित करणार?

पेंचबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पहिली आकाशाची. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. म्हणजे रात्र रात्रीसारखी राखलेली जागा. पहाटे पावणेपाचला ओवीला शालीत गुंडाळून बाहेर आणले. वाकडला आमच्या गॅलरीतून दोन तारे दिसतात, त्यांतला एक लोहगावचे विमान असतो. इथे तिने मान वर केली आणि ‘‘कुणी सांडलं?’’ असे विचारले. मृग नक्षत्र मावळतीकडे झुकले होते, पाठीमागे व्याध. ईशान्येला सप्तर्षी. हरणाच्या पोटातला बाण मी दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि हरीण कुठे पळणार होते ते विचारले. मला ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चारपदरी करायचा तर जंगलाचे दोन तुकडे होणार, म्हणून ते प्रकरण कित्येक वर्षे न्यायालयात राहिले. शेवटी असे ठरले की जनावरांच्या वाटा जिथे जिथे रस्त्याला छेदतात तिथे रस्त्यानेच उचलून वर व्हायचे. महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी तसे केले आहे. त्यांतला सर्वांत लांब पूल साडेसातशे मीटरचा आहे. वरून मोटारी, खालून रान. भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले, त्यांत चितळ, रानडुक्कर, रानकुत्री आली, आणि वाघही आले. अभियंत्याच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षे काढली आहेत. लोखंड आणि सिमेंट यांचा इतका शहाणा उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

देवलापारच्या पुढे जाऊन आम्ही मुद्दाम तो रस्ता पाहून आलो. थांबायला मनाई आहे. ओवीने काचेला नाक लावले होते. ‘‘आता आपल्या खालून वाघ जात असेल?’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘असेल.’’ ‘‘त्याला कळत असेल आपण वर आहोत ते?’’ ‘‘आवाजाने कळत असेल.’’ मग पूल संपेपर्यंत ती दबक्या आवाजात बोलत होती आणि आम्हा सर्वांनाही तसेच बोलायला लावत होती. चिरंजीवांनी ओघाने हॉर्नवरचा हात काढला.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चकल्या मऊ पडल्या होत्या. दोन दिवसांनी, रात्री दहाच्या सुमारास चाकणच्या ट्रकांतून सुटून नाशिक फाट्यावरून वाकडला आलो, तो भूमकर चौकात जथाच्या जथा उभा. घर समोर दिसते आहे, आमच्या गॅलरीतला आकाशकंदीलही दिसतो आहे, आणि गाडी तसूभर हलत नाही. चिरंजीवांनी इंजिन बंद केले. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा सुरू झाला. जवळ येईना, दूरही जाईना. एकाच जागी कण्हत होता. पुढचा हलेना म्हणून मागचा हलेना. चिरंजीवांनी इंजिन पुन्हा सुरू केले आणि डावे चाक पदपथावर चढवायला घेतले. मी खाली उतरलो आणि मागच्या गाडीच्या काचेवर टकटक करू लागलो.

ओवीला मी झोपली आहे असे समजलो होतो. वळून पाहिले तो ती जागी होती. मागच्या काचेतून येणारा तो लाल-निळा उजेड तिने क्षणभर पाहिला, कमरेचा पट्टा सोडला, आणि काही न बोलता पाय ठेवायच्या जागेत, फराळाच्या रिकाम्या डब्यांशेजारी, गुडघ्यांत डोके घालून बसली.